एका वाराने हुकलेली नऊवारी

आखातात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या मराठी इंजिनिअरांमध्ये हौशी काका हा एक ठरलेला प्रकार आहे. ओणमला हे केरळी शेजाऱ्याकडे मुंडू नेसून जेवायला जातात, पाडव्याला मंडळात फेटा बांधतात आणि २ डिसेंबरला, म्हणजे अमिरातीच्या राष्ट्रीय दिनी, पांढराशुभ्र कंदुरा चढवून ऑफिसात फोटो काढून घेतात. काकूंनी तक्रार करणं केव्हाच सोडलेलं असतं. कपाटात साड्यांना जागा उरली म्हणजे झालं.

पण एक दिवस काकांचा साहेब स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा निघतो. (तेलाच्या धंद्यात राहून ॲबर्डीनचा माणूस न भेटता निवृत्त होणं तसं अवघडच.) आपलं जसं महाराष्ट्र मंडळ, तसं दुबईतल्या स्कॉटिश लोकांचं कॅलेडोनियन मंडळ. साहेब ३० नोव्हेंबरच्या सेंट अँड्र्यूज डेच्या बॉलचं, म्हणजे नाचाच्या मेजवानीचं, आमंत्रण देतो. काका घरी येऊन बूट काढायच्या आत जाहीर करतात, "किल्ट घालणार."

"म्हणजे स्कर्ट?" मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढतो.

झालं. काकांचं व्याख्यान सुरू. १७४६ साली ब्रिटिश पार्लमेंटनं स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या पुरुषांवर या पोशाखाची बंदी घातली, ती १७८२ पर्यंत उठली नाही. मग १८२२ साली चौथा जॉर्ज राजा स्वतः एडिंबरोला आला, तिथे त्यानं किल्ट घातली आणि कालपर्यंत बंडखोरांचा असलेला वेश एकदम खानदानी झाला. इथवर ठीक होतं. पण तपशिलाची हौस काकांना नडते. राजानं आत कातडीच्या रंगाची घट्ट विजार घातली होती, हेही ते सांगून टाकतात. साऱ्या इतिहासातून काकू तेवढंच उचलतात.

"राजानं आत घातली होती ना? मग तुम्हीही घालायची."

किल्टच्या आत काय घालतात, हा प्रश्न जगभर चघळला जातो. या घरात तो असा, चहा निवायच्या आत, निकालात निघतो.

मुलीचा आक्षेप शिकलेला असतो. "बाबा, हे कल्चरल अप्रोप्रिएशन आहे. आणि मॉलमध्ये पाटी असते, खांदे आणि गुडघे झाका म्हणून. तुमचा गुडघा अर्धाच झाकतोय." किल्ट गुडघ्याच्या मध्यापर्यंतच असावी असा दंडक आहे, असं काका म्हणतात. अर्धा गुडघा म्हणजे झाकलेला की उघडा, यावर बाप-लेकीचं भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत चालतं. मुलीची खरी अडचण वेगळी आहे. हॉटेलच्या लॉबीत तिच्या मैत्रिणी असू शकतात. ते ती बोलत नाही.

खरेदीत काकांना धक्का बसतो तो किमतीचा. अस्सल स्कॉटिश किल्टचे पौंड दिऱ्हमात मोजले की त्यांची हौससुद्धा खाली बसते. शेवटी माल सियालकोटहून येतो. जगभरच्या किल्ट आणि बॅगपाइप तिथे बनतात, ही माहिती साहेबाला द्यायची की नाही, हे काका ठरवू शकत नाहीत. किल्ट कमरेत दोन बोटं कमी पडते. दुबईतल्या सतव्याचा शिंपी तिच्याकडे नुसतं बघतो, पट्टे पुढे सरकवतो आणि म्हणतो, "पेट अंदर लो, भाईसाहब." तोही सियालकोटचाच. सगळ्या प्रकरणात न दचकलेला हा पहिला माणूस.

दुसरा म्हणजे शेजारचा केरळी. त्याला वाटतं काकांनी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून घेतली आहे. "गरम होतंय ना?" एवढंच तो आपुलकीनं विचारतो. होतंच असतं. दोन किलोंच्या घरातली लोकर आहे ती. आणि ऑफिसातला अमिराती सहकारी तर खांदेही उडवत नाही. कंदुऱ्याच्या आत तो रोज विझार, म्हणजे लुंगीच, गुंडाळतो. त्याच्या दृष्टीनं काका फक्त वरचं घालायला विसरलेत.

खरी परीक्षा बोटिमवर. व्हॉट्सॲपचा कॉल इथे लागत नाही म्हणून साताऱ्याच्या आजीच्या फोनमध्येही बोटिम टाकून दिलेलं आहे. आजी जन्मभर नऊवारीतल्या. काका कॅमेऱ्यासमोर गर्रकन फिरून दाखवतात. आजी चष्मा पुसतात.

"निऱ्या मागं का रे?"

"तशीच पद्धत आहे, आई."

"कापड किती लागलं?"

"आठ वार."

आजी थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "एक वार आणखी घेतलं असतंस तर काष्टा तरी आला असता."

काकूंचा हिशेब याहून सरळ आहे. पुढे लटकणारी ती केसाळ पिशवी, स्पोरॅन, त्या ताब्यात घेतात. गाडीची किल्ली, एमिरेट्स आयडी, काकांच्या बीपीच्या गोळ्या, स्वतःची लिपस्टिक आणि बडीशेपेची पुडी, सगळं तिच्यात कोंबतात. इतकी वर्षं नवऱ्याच्या वस्तू आपल्या पर्समधून वाहिल्या, त्याची फेड होते आहे. मोज्यात खोचायची छोटी सुरी मात्र दारातच जप्त. "शेख झायेद रोडवर पोलिसानं थांबवलं, तर त्यालाही १७४६ पासून सांगणार का?" सुरी लिंबं कापायला स्वयंपाकघरात जाते. ती चांगली धारदार निघते, हे काकू नंतर कबूल करतात.

बॉलला पोचल्यावर ॲबर्डीनचा साहेब दारात भेटतो. काळ्या सूटमध्ये. त्याची किल्ट म्हणे घट्ट होते. सतव्याच्या शिंप्याचा नंबर काका तिथल्या तिथे देतात, गाव न सांगता. मग एसीच्या गारव्यात काका असे नाचतात की खऱ्या स्कॉटिश बायका त्यांना पुन्हा पुन्हा रांगेत ओढतात. काकू कडेला बसून स्पोरॅनमधली बडीशेप वाटतात.

दुसऱ्या दिवशी फोटो साताऱ्याला जातो. आजी सुटातल्या साहेबाकडे बोट दाखवून विचारतात, "हा आपल्यातला का? कुणाचा मुलगा?"

मग किल्टवर बोट ठेवून, "आणि हे एकदाच घालायचं होतं ना? मे महिन्यात येताना घेऊन ये. लोकर चांगली दिसतेय. गोधडीत घालते."