आनंदाची फूटपट्टी

सॉफ्टवेअर अभियंत्यांचा आनंद मोजता येतो म्हणे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,३१८ जणांची मोजदाद झाली. उणे २४ ते अधिक २४ या पट्टीवर सरासरी भरली ९. दुःखाची मोठी कारणं दोन: अडलेलं कोडं न सुटणं आणि मुदतीचा धाक. रोह्याहून पहाटेची दिवा मेमू पकडून, पनवेलला उतरून महापेतलं ऑफिस गाठणाऱ्याला विचारलं असतं, तर तिसरंही कळलं असतं.

मुदतीचा धाक पेणच्या मूर्तिकारांनाही असतोच. गणेश चतुर्थी काही पुढे ढकलता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण मात्र २०११ पासून मुदतीमागून मुदत ओलांडतंय. त्याला मुदतीचा धाकच नाही; आनंदाच्या पट्टीवर रायगडात सर्वांत सुखी हे चौपदरीकरणच! कंपन्यांनो, आनंद जरूर मोजा. आधी गणपतीची रजा मंजूर करा.