तीन खाड्या, चार फ्यूज

"दाजी, तुम्हाला समुद्रावर जायचंय की समुद्राला वीजपुरवठा करायचाय?" मेहुण्याने विचारलं. माझी मोटारसायकल तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सीट, टाकी आणि दोन्ही बाजूंची झाकणं काढून बसली होती आणि मी तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला होता. वास्तविक हा प्रश्न विचारायचा त्याला काडीचा अधिकार नव्हता. सगळी यादी त्याचीच होती.

सुरुवात मोबाइलच्या चार्जरपासून झाली. रस्ता फोन दाखवणार, म्हणून फोन हँडलवर हवा. दिवसभर नकाशा चालू म्हणजे फोन दुपारी मरणार, म्हणून यूएसबी चार्जर हवा. परतीच्या पावसात ताम्हिणीत धुकं असणार, म्हणून दोन फॉग लाइट हवेत. धुक्यातून आपण कसे गेलो हे लोकांना दाखवायला हेल्मेटवर कॅमेरा हवा, आणि तोही चार्ज व्हायला हवा. आता एवढा भार बॅटरीला पेलतोय की नाही हे कळायला व्होल्टमीटर हवा. व्होल्टमीटरही वीज खातो, पण थोडी. हिशेब तपासणीसाचा पगार म्हणून मी ती मान्य केली.

बँकेत सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवल्यामुळे मी गाडीचाही मांडला. हेडलाइट साठ वॉट. १२ व्होल्टने भागा, ५ अँपिअर. तो बंद करून काटकसर करावी म्हटलं, तर एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींना दिवसाही दिवा लावूनच फिरायची सक्ती, त्यामुळे त्याचं बटणच नाही. फॉग लाइट वीस-वीसचे, म्हणजे सव्वातीन अँपिअर. चार्जर अंदाजे एक. एकूण खर्च सव्वानऊच्या घरात, आणि शिल्लक म्हणाल तर बॅटरी ८ अँपिअर-तासांची. नुसत्या शिलकीवर संसार तासभरसुद्धा चालायचा नाही. इंजिनाच्या कडेला मॅग्नेट आणि कॉइल मिळून वीज कमावतात खऱ्या, पण ती कमाई गाडी पळत असतानाची. चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नुसती धडधडत उभी राहिली की आवक जेमतेम आणि खर्च मात्र पूर्ण. महिनाअखेरीला आमच्या घरी असतं, तसं.

सामान तपकीर गल्लीतून आणलं. तिथल्या दुकानदाराने मला रिले नावाची काळी डबी दिली. तिच्या चार पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे होते. मधले कुठे गेले असं मी विचारल्यावर त्याने मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. ही जर्मनांची आकडेवारी. तीस नंबरला बॅटरीची प्लस, सत्त्याऐंशीतून पुढे दिव्यांना, आणि पंच्याऐंशी-शहाऐंशीला गाडीच्या चावीमागची बारीक वायर. चावी फिरवली की आतली कॉइल जागी होते आणि मोठा रस्ता उघडते. चावी काढली की सगळं बंद. साहेब केबिनमध्ये आले की कामाला लागणारा, उठले की पंखा बंद करून निघणारा असा शिपाई आमच्या शाखेत एकही नव्हता.

काम मी पुस्तकी केलं. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, कारण प्लस आधी सोडवायला जावं आणि पाना गाडीच्या बॉडीला टेकावा, की ठिणग्यांची दिवाळी होते. सांधे डाग देऊन न जोडता थिंबल घालून दाबले. डाग दिलेली वायर तिथे ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्या ताठपणाच्या कडेला तुटते. बॅटरीपासून वीतभर अंतरावर दहा अँपिअरचा लाल फ्यूज बसवला. आणि शेवटी केबल टायने सगळ्या वायरी अशा करकचून बांधल्या, की हँडलपाशी तर सतारीची तार वाटावी. एक लोंबती वायर दिसेल तर शपथ. मेहुण्याने फोटो काढले. आठवडाभर रोज रात्री मी हँडल लॉक करताना ते काम कौतुकाने बघत होतो.

बायकोनेही बघितलं. "मी एसटीने गणपतीपुळ्याला येते," एवढंच ती म्हणाली.

ताम्हिणीबद्दल फार सांगत नाही. धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं आणि आमचे फॉग लाइट त्या उन्हात प्रामाणिकपणे जळत होते. मेहुणा मागे बसून फोनची काळजी करत होता. फोनच्या कॅमेऱ्यात चित्र न हलावं म्हणून तरंगती ठेवलेली भिंगं असतात, आणि मोठ्या मोटारसायकलच्या थरथरीने ती बिघडू शकतात असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. म्हणून त्याने होल्डरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले होते. फोन त्यामुळे पाळण्यात घातल्यासारखा डुलत होता आणि नकाशावरचं माणगाव वरखाली होत होतं.

बागमांडल्याला पहिली फेरीबोट. बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला जायचं. बोटीवर चढलो तशी खलाशाने खूण केली, "डावीकडे घ्या, पूर्ण डावीकडे, कडेला लावा." घेतली. आणि फोनवरचं चार्जिंगचं चिन्ह गेलं, फॉग लाइट गेले, व्होल्टमीटर गेला. इंजिन मात्र चालू. कंपनीने दिलेला संसार शाबूत होता, फक्त मी थाटलेला बुडाला होता.

फ्यूज सीटखाली. सीटवर मेहुण्याची बॅग, तिच्यावर माझी, तिच्यावर प्लॅस्टिक, त्यावर दोऱ्या. वेश्वीला उतरून गाडी उभी केली आणि अर्धा तास सामान उतरवलं. लाल फ्यूजची तार मधोमध वितळलेली. जवळचा एकुलता एक जादा लाल बसवला, चावी फिरवली, सगळं झकास! "खारी हवा," मेहुणा म्हणाला. ज्या माणसाला कोकणात काही बिघडल्याचं कारण सापडत नाही, तो खाऱ्या हवेला धरतो.

केळशी, आंजर्ले, दापोली. खारी हवा सगळीकडे होती आणि कुठे काही झालं नाही. दाभोळला धोपाव्याच्या बोटीवर चढलो, खलाशाने डावीकडे घ्यायला सांगितलं, आणि पुन्हा अंधार.

आता जादा फ्यूज नव्हता. फोनमध्ये चार टक्के. गुहागरला रस्ता विचारत विचारत पोचलो, आणि मला जाहीर कबूल करायचं नाहीये, पण प्रवासातला तो भाग सगळ्यात छान होता. एका आजोबांनी आम्हाला वाटेत थांबवून पेरू दिले. सकाळी एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याने टेस्ट लॅम्प लावून गाडी तपासली. गाडी स्टँडवर, हँडल सरळ, बिघाड नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर खोकला जातो, तसं. "लाल संपलेत. पंधराचा निळा टाकतो," तो म्हणाला.

निळा फ्यूज तवसाळपर्यंत पुरला. जयगडच्या बोटीवर चढलो, डावीकडे घेतली, गेला.

इथे माझा हिशेबीपणा संपला. सामान बोटीवरच उतरवलं. मेहुण्याने चॉकलेटची चांदी सोलली, तिची घट्ट सुरळी केली आणि म्हणाला, "दाजी, हा कधीच उडणार नाही." त्याचं म्हणणं खरं होतं आणि तीच अडचण होती. फ्यूज फोनला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. तो उडायचा थांबला की त्याच्या जागी दुसरं कोणीतरी जळतं. हे मला माहीत होतं. तरी मी चांदी कोंबली आणि चावी फिरवली.

तीन सेकंदांत हेडलाइटच्या मागून धूर निघाला. शेजारच्या टेम्पोतल्या कोंबड्या ओरडल्या.

"काका, चावी! चावी बंद करा!" खलाशी धावत आला. चावी बंद केली, रिलेने आपलं काम केलं, धूर थांबला. त्याने वाकून पाहिलं, मग हँडल सरळ केलं, पुन्हा डावीकडे नेलं, पुन्हा सरळ. "हे कोणी बांधलंन?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने समुद्राकडे पाहिलं.

माझी ती सतारीची तार हँडल पूर्ण डावीकडे गेलं की ताणली जाऊन फ्रेमच्या आणि हँडलच्या अटकावाच्या फटीत चिमटत होती. रस्त्यावर, घाटातसुद्धा, कोणी हँडल एवढं फिरवत नाही. बोटीवर गाडी लावतानाच फिरवावं लागतं. आणि फिरवतो तो हँडल लॉक करताना. म्हणजे आठवडाभर रोज रात्री मी स्वतःच्या हाताने तिचं वेष्टण थोडं थोडं चावत होतो. तेव्हा चावी बंद असायची, म्हणून कळलं नाही.

"बोटीत सगळं हलतं, काका," खलाशी म्हणाला. "इथं कोणी असं बांधीत नाही." त्याने पत्र्याचा डबा आणला, जळलेली वायर कापली, नवा तुकडा घातला, आणि कंपनीच्या वायरींचा गुच्छ मानेपाशी जिथून वळतो तिथूनच त्याच्यासोबत सोडला, म्हणजे हँडल फिरलं की वायर ताणली न जाता नुसती पीळ घेईल. बोटभर ढील ठेवली. डब्यात लाल फ्यूजही निघाला. एवढ्यात जयगड आलं, पण काम अर्धंच झालं होतं. तेव्हा आम्ही बोटीबरोबर परत तवसाळला गेलो आणि पुन्हा जयगडला आलो. शास्त्री नदीची खाडी त्या दिवशी आम्ही तीनदा ओलांडली. पैसे एकदाचेच घेतले. वरचे द्यायला लागलो तर तो म्हणाला, "फक्त कोणाला सांगू नका, मी काय बघितलं ते."

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती. बायको खानावळीच्या पडवीत मेणबत्तीजवळ बसली होती. माझा फोन शंभर टक्के आहे हे ऐकून तिने स्वतःचा पुढे केला. तो पाहून शेजारच्या टेबलावरच्या नाशिककरांनी, मग खानावळीच्या मालकांनी. रांग लागली. मालक म्हणाले, "तोंड जरा इकडे करता का गाडीचं?" तो कधीच बंद न होणारा हेडलाइट पडवीवर पडला आणि वीसेक माणसं त्या उजेडात माशाचे काटे काढू लागली. गाडी वळवताना मी हँडल फक्त उजवीकडे फिरवलं. त्यासाठी अंगणाला पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागली.

नुसत्या धडधडण्यावर आवक कमी पडते हे व्होल्टमीटर सांगतच होता, म्हणून मेहुण्याला रेस धरून बसवला. तासभर तो पावसात छत्रीखाली मूठ पिळत बसला होता आणि बायको त्याला तिथेच सोलकढी नेऊन देत होती.

वीज आली साडेदहाला. मालक कंदील घेऊन फाटक लावायला निघाले आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "हँडल लॉक केलंत ना गाडीचं?"

"नाही," मी म्हटलं. "राहू दे तशीच."