वॉटरफोर्डमध्ये राहून मार्जारतज्ज्ञ कसे व्हावे

आयर्लंडात साप नाहीत, हे इथे यायच्या आधीच आपल्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. रानातली मांजरं नाहीत, हे मात्र कोणी सांगत नाही. वाघ-बिबटे सोडाच, साधं बाऊलसुद्धा नाही. अशा देशात मार्जारकुळाचं वेड लागलेल्या माणसाने काय करावं? तज्ज्ञ व्हावं. जुन्नरला हे अवघड गेलं असतं. तिथे तुमचं विधान तपासायला बिबट्या स्वतः अंगणात येतो. वॉटरफोर्डला ती धास्ती नाही. पायऱ्या क्रमाने चढा. घाई करू नका, मांजरंही करत नाहीत.

१. पोशाखापासून सुरुवात करा.

शेवाळी रंगाची, भरपूर खिशांची पॅन्ट घ्या. खिशांत ठेवायचं काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी पडतो, मग पडेनासा होतो. कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स हवी. ‘एवढ्या लेन्समधून इथे दिसणार काय?’ असं घरचे विचारतील. शेजारणीचं मांजर, हे उत्तर देऊ नका. प्रकाशाचा अभ्यास चाललाय म्हणा. इथलं आभाळ पाहता तो अभ्यास जन्मात पुरा होणार नाही, हे त्यांनाही पटेल.

२. एक हाड पाठ करा.

प्रत्येक तज्ज्ञाकडे एक हुकमी वाक्य असतं. तुमचं असं: ‘आपण उभे आहोत त्या काउंटीत लिंक्स होता.’ हे चक्क खरं आहे. डंगारवनजवळ किलग्रेनी नावाची गुहा आहे, चुनखडीतली. तिथे मार्जारकुळातल्या या लिंक्सचं हाड सापडलं. रेडिओकार्बनने त्याचं वय सुमारे ८,९०० वर्षं भरलं, म्हणजे कॅलेंडरच्या हिशेबाने दहा हजारांच्या घरात. तेवढ्या हाडावर तुम्हाला पुढची सगळी व्याख्यानं उभी करायची आहेत. कठीण वाटतंय ना? थोरांनी याहून कमी सामग्रीत भागवलंय.

अडचण एकच आहे. युरोपातला लिंक्स मुख्यतः रो जातीच्या छोट्या हरणांवर जगतो आणि आयर्लंडात ती हरणं नव्हती. मग हा गडी खात काय होता? ‘ससे’ म्हणा, आणि पुढचा प्रश्न येण्याआधी चहा मागवा.

निष्कर्ष काढायची भीती वाटत असेल, तर याच गुहेकडून धीर घ्या. १९२८ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या गुहासंशोधकांनी इथे खोदलं, तेव्हा माणसाचा सांगाडा आणि थोरल्या आयरिश हरणाची हाडं जवळजवळ मिळाली. झालं, माणूस आणि हरीण एका काळातले ठरले आणि आयर्लंडला हिमयुगातला पूर्वज लाभला. १९३४ मध्ये हार्वर्डचे हॅलम मोव्हियस आले, त्यांनी पुन्हा खोदलं आणि सांगितलं की इथले थर एकमेकांत कालवले गेलेत. तो पूर्वज पुढे नवाश्मयुगातला निघाला. पण मधली सहा वर्षं? ती कोणी परत मागितली नाहीत.

गुहेपर्यंत जायची गरज नाही. वॉटरफोर्ड ते डंगारवन ग्रीनवेवरून ४६ किलोमीटर सायकल हाणा, पश्चिमेकडे बघून एक उसासा टाका, बसने परत या.

३. शेपटी बघायला शिका.

लौकिक पसरला की फोन येतो: आमच्या परसात रानमांजर शिरलंय. लगेच निघा. अस्सल युरोपीय रानमांजराची शेपटी झुबकेदार असते, टोकाला बोथट आणि काळी. तिच्यावर सुटी सुटी जाड वलयं असतात, आणि पाठीवरचा काळा पट्टा शेपटीच्या मुळाशी येऊन थांबतो. घरगुती पट्टेरी मांजराची शेपटी निमुळती, आणि पाठीचा पट्टा न थांबता सरळ शेपटीवर उतरलेला.

तुम्ही पोचाल तेव्हा ते कुंपणावर बसून यजमानांच्या ब्लातलं लोणी चाटत असेल. (ब्ला म्हणजे वॉटरफोर्डचा पिठूळ, मऊ पाव, २०१३ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. इथल्या मांजरांपेक्षा त्याचे कागदपत्र पक्के.) पट्टा शेपटीवर उतरलेला स्वच्छ दिसेल. तरी ‘घरचंच आहे’ असं म्हणू नका. तसं म्हणायला तज्ज्ञ कशाला बोलावतील? ‘संकर असावा’ म्हणा. स्कॉटलंडमधल्या रानमांजरांचा घात संकरानेच केला. घरच्या मांजरांशी इतकी सरमिसळ झाली की ती आता आपल्या बळावर टिकणार नाहीत, असं २०१९ च्या अहवालाने सांगितलं, आणि २०२३ मध्ये बंदिवासात वाढवलेली १९ मांजरं केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत सोडावी लागली. तेव्हा तुमचं विधान शास्त्राला धरून आहे. फक्त देश चुकलाय.

४. काळा बिबट्या करण्याची कृती.

साहित्य: एक काळा बोका, एक मोकळं शेत, संध्याकाळ. अंतर दोनशे मीटर ठेवा. चौकटीत फाटक, खांब, मेंढी, काहीही येऊ देऊ नका. फाटक आलं की बिबट्याचा बोका होतो. फोकस किंचित हलू द्या. मिळालेला डाग मोठा करून गोलात घ्या आणि ग्रुपवर टाका. खऱ्या काळ्या बिबट्याच्या अंगावरचे ठिपके तिरप्या उन्हात दिसतात, असं कोणी दीडशहाणं म्हणालंच, तर तिरपं ऊन वॉटरफोर्डमध्ये कुठे मिळतं ते त्याला विचारा.

५. त्यांच्या जगण्याबद्दल बोला, पण निवडक.

वाघाच्या दहा-वीस प्रयत्नांत एखादाच साधतो. सिंहाचा बहुतेक दिवस लोळण्यात जातो. लिंक्स शिकार पालापाचोळ्याखाली झाकतो आणि पुढच्या काही रात्री मुकाट्याने तेच शिळं खातो. हे श्रोत्यांना सांगू नका. माहितीपटवाले फसलेल्या झडपा कापून टाकतात, तुम्हीही कापा. लोकांना झेप हवी असते. डबा आपण घरी रोज बघतोच.

६. आणि ७. एकत्रच उरकून घ्या.

वर्षातून एकदा कॉर्कजवळच्या फोटा वाइल्डलाइफ पार्कला जा. तिथे तारेवरून पळवलेल्या मांसामागे चित्ते धावतात. फोटो काढा आणि तार पुसा. दुसरं, सुट्टीत भारतात गेलात की ताडोबा. वाघीण दिसली की तिला नावाने हाक मारल्यासारखं बोला, जणू आतेबहीण. एका वाघिणीभोवती सतरा जिप्सी उभ्या असतील, तर सोळा अशा कापा की सतरावी, म्हणजे तुमची, एकटी वाटेल.

८. लिंक्स परत आणायची मागणी करा.

ही पायरी चढल्याशिवाय आजकाल तज्ज्ञ मानत नाहीत. हिशेब तयार ठेवा: नर लिंक्सला जागेनुसार शंभरापासून हजारभर चौरस किलोमीटरपर्यंत मुलूख लागतो. वॉटरफोर्ड काउंटी साधारण १,८५० चौरस किलोमीटर. म्हणजे ऐसपैस धरलं तर अख्ख्या काउंटीत दोनच नर, तेही आयुष्यभर एकमेकांची तोंडं टाळणारे. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीचा अनुभव असेल, तर ही व्यवस्था तुम्हाला पटकन समजेल.

लिंक्स कॉमेराच्या डोंगरात सोडावेत असं म्हणा. मात्र हे डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्यांसमोर म्हणू नका, शहरात म्हणा. आणि उत्साहाच्या भरात स्वतः काही सोडू नका. जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या थंडीत कोणीतरी चार लिंक्स परस्पर सोडून दिले. काही दिवसांत चारही पकडले गेले आणि त्यातला एक मेला. सोडणाऱ्याला निसर्गाचं प्रेम नक्कीच असणार. आपलं काम मागणी करण्यापुरतं.

९. माहितगार माणसांपासून सावध राहा.

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे, आणि तो बहुधा व्हिजा काढून, नातवंडांना भेटायला येतो. समजा, तुमचे सासरे जुन्नरकडचे आहेत. गणपतीत तुमचं व्याख्यान ठेवलंय, ‘बिबट्या: एक गूढ’. आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट रंगात आलीये: २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला, माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात जीपीएस पट्टा घालून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचलेला. त्याच्यावर सिनेमा आला, त्यात ऊर्मिला मातोंडकर होती. श्रोते भारावलेत. आणि मागच्या रांगेतून सासरे म्हणतात, ‘गूढ कसलं त्यात? उसात राहतो. कुत्री खातो.’

घोळ असा की ते बरोबर आहेत. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बागायती पट्ट्यात अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचाच निघाला. या अभ्यासाचं नाव तुम्हाला माहीत आहे. सासऱ्यांना कुत्र्याचं नाव माहीत आहे.

एकदा बोलायला लागले की ते थांबत नाहीत. ऊसतोडीला फडात पिल्लं निघतात. ती क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवायची, रात्री आई येऊन नेते. कधी ती बिबट्याची नसतातच, वाघाटीची असतात, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजराची, आणि गाव उगाच घाबरलेलं असतं. पंपाची वीज रात्रीची येते म्हणून पाण्याची दारं धरायला रात्रीच जावं लागतं. मग मोबाइलवर मोठ्याने भजन लावायचं. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. हा तपशील सभेत येऊ देऊ नका. त्यानंतर स्लाइड दाखवता येत नाहीत.

उपाय आहे. सासऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा, शाल द्या, श्रीफळ द्या, माइक देऊ नका. तरीही उठलेच, तर जिव्हाळ्याने खांद्यावर हात ठेवा आणि विचारा, ‘आबा, यंदा कांद्याला काय भाव मिळाला?’