बाकी सगळं मालकाकडे

घर बांधायला काढलं की ओळखीतला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "फुटाला काय दर ठरला?" खोल्या किती, कर्ज किती, पैसे आणणार कुठून, हे सगळं नंतर. आधी फूट. आपण आकडा सांगितला की समोरचा हमखास म्हणतो, "महाग पडलं हो. आमच्या साडूनं बाराशेत केलं." हा साडू प्रत्येकाला असतो. त्याचं घर कोणी पाहिलेलं नसतं, दर मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आमची सांगलीच्या वेशीवर दोन गुंठे जागा. त्यावर पंचवीस बाय चाळीस, म्हणजे हजार फुटांचं बैठं घर, विथ मटेरियल. तीन कोटेशनं आली. पहिलं एका मिस्त्रींनी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिलं : '1,650. चांगलं काम.' त्यातला 'चांगलं काम' एवढाच तांत्रिक तपशील. दुसरं एका ठेकेदाराच्या लेटरहेडवर, वर गणपती, खाली दर 1,850. तिसरं एका इंजिनिअरचं, चार पानी, 2,100. नातेवाइकांनी चहा संपायच्या आत निकाल दिला. इंजिनिअर लुटायला बसलाय, मिस्त्री देवमाणूस.

देवमाणसाला मी सहज विचारलं, "मिस्त्री, फूट कुठला धरायचा?"

"स्लॅबचा की, सर. सगळीकडं तसंच असतंय."

आता स्लॅब काही भिंतीपाशी थांबत नाही. पावसाच्या झडीसाठी तो चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढतात. म्हणजे पंचवीसचे एकोणतीस झाले, चाळीसचे चव्वेचाळीस. गुणाकार करा : 1,276 फूट. घर हजार फुटांचंच. वरचे 276 फूट म्हणजे बाहेर लोंबणारी सावली. तिच्यासकट मिस्त्रींचा हिशेब 21,05,400 रुपये. इंजिनिअरनं दर बाहेरच्या भिंतींच्या मापावर दिला होता आणि प्रोजेक्शन त्यातच धरलं होतं, त्याचे 21 लाख. सगळ्यात स्वस्त कोटेशन सगळ्यात महागड्यापेक्षा 5,400 रुपयांनी महाग! मी हे नातेवाइकांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तरीपण दर कमी आहे की."

दुसऱ्या ठेकेदाराचं मापही भिंतींचंच होतं, म्हणून त्यांच्या लेटरहेडकडे वळलो. गणपतीच्या खाली बारीक अक्षरात ओळ होती : 'पाया जमिनीपासून 5 फुटांपर्यंत.' सांगलीची माती काळी. ऊस तिच्यावर प्रेम करतो, घर करत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्यातच संपवला तर भिंतींनाही तेच करायला लावते. त्यामुळे खाली मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, आणि आमच्याकडे मुरूम पाच फुटांवर वाट पाहत बसत नाही.

"आणि पाच फुटांच्या खाली?"

"खालचं एक्स्ट्रा. खुदाई ब्रासवर, काँक्रीट वेगळं, कॉलमचं वाढीव स्टील किलोवर."

जोत्याचीही तीच कथा. कोटेशनमध्ये जोतं दोन फूट. ज्यानं 2019 चा महापूर पाहिलाय त्या सांगलीकराला दोन फुटांचं जोतं सांगणं म्हणजे थट्टाच. आम्ही चार फूट म्हटलं. वाढीव दोन फूट गुणिले हजार फूट म्हणजे दोन हजार घनफूट, म्हणजे वीस ब्रास मुरूम. पण हे झालं धुमस करून दाबलेल्या मुरुमाचं माप. गाडीतून येतो तो सुटा, आणि पैसे गाडीचे. मुरूम दबतो, बिल दबत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी पायात लक्ष घातलं नाही. त्यांनी थेट फरशी गाठली. 'व्हिट्रिफाइड टाइल्स, बेसिक रेट 45 रु.' असं लिहिलं होतं. मला यात काही खोट दिसेना. त्या मात्र मला घेऊन टाइल्सच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं 45 ची टाइल दाखवली. ती अगदी कोपऱ्यात, बाकीच्या टाइल्सच्या मागे, शिक्षा केल्यासारखी उभी होती. बायकोला आवडली ती 70 ची. फरक पंचवीस रुपयांचा, फार नाही, असं मी म्हणणार तोच दुकानदार म्हणाला, "जीएसटी, गाडीभाडं आणि हमाली वेगळी." कापाकापीत वाया जाणारा माल वेगळा. भिंतीच्या कडेनं चार इंची स्कर्टिंग फिरतं ते रनिंग फुटावर. बेसिक रेट म्हणजे टाइल दुकानात असेपर्यंतचा भाव. ती आपल्या घरात येऊन जमिनीवर आडवी होण्याचे पैसे निराळे.

मग विजेचे पॉइंट. स्वयंपाकघराला पाच. बायकोनं बोटांवर मोजायला सुरुवात केली : फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, चिमणी, ओव्हन, दिवा, पंखा, आणि 'तुमचा तो फोन, जो तुम्ही नेमका माझ्या ओट्यावरच लावता.' ठेकेदारानं पाचव्यानंतर वहीत आकडे मांडायला घेतले. पॉइंट म्हणजे वायर आणि बटण. दिवा मालकाकडे. पंख्याचा हूक स्लॅबमध्ये अडकवून मिळणार, पंखा मालकाकडे.

हे 'मालकाकडे' प्रकरण हळूहळू लक्षात यायला लागलं. बोअर मालकाकडे. सेप्टिक टँक मालकाकडे. कंपाउंड, गेट, पाण्याची टाकी, ती भरणारी मोटर, बांधकामाचं तात्पुरतं मीटर, परवानगीचं चलन, सगळं मालकाकडे. आणि पाणीही! सिमेंट, क्रश सँड, खडी ठेकेदाराची; त्यांना एकत्र आणणारं पाणी मात्र मालकाचं. ते मारायचंही मालकानंच. आयएस 456 नावाचं भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटचं किमान दहा दिवस ओलं ठेवावं. गोणीवर हल्ली बहुधा पीपीसीच असतं. त्यामुळे तमाम महाराष्ट्रात पहाटे लुंगी सावरत, हातात पाइप घेऊन भिंतींना अंघोळ घालणारा जो प्रतिष्ठित गृहस्थ दिसतो, तो माळी नसतो. कोटेशनमध्ये त्याची मजुरी कुठेही धरलेली नसते.

सगळ्यात शेवटी, उठता उठता, जीएसटी. "तो वरून," ठेकेदार पायताण घालत म्हणाले. माल घालून घर बांधून देण्याच्या ठेक्याला अठरा टक्के. साडेअठरा लाखांवर 3,33,000. स्वतंत्र एकट्या घराचं काम नुसत्या मजुरीवर दिलं तर त्या मजुरीला मात्र जीएसटी माफ आहे. पण मग सिमेंटपासून खिळ्यापर्यंत आपण आणायचं, आणि स्वतःची नोकरी मिस्त्रींना द्यायची. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा मी उत्साहानं विचारलं, "आता दर कमी होणार ना?" ठेकेदारांनी माझ्याकडे फार कनवाळूपणे पाहिलं.

कोणत्याच कोटेशनमध्ये नसलेले खर्चही असतात. चौकट बसते त्या दिवशी पूजा, आणि सुताराला टॉवेल-टोपी. स्लॅबच्या दिवशी नारळ, पेढे आणि संध्याकाळी सगळ्या माणसांचं जेवण. 'शाकाहारी ठेवू या का?' या प्रश्नावर स्लॅब क्षणभर ओतायचा थांबला होता. या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी दिवसभर पाट्या उचलल्या त्यांना रस्सा मिळालाच पाहिजे.

तक्रार आहे ती आपल्या सगळ्यांच्या स्वभावाबद्दल. इंजिनिअरच्या चार पानांतलं चौथं पान होतं 'यात समाविष्ट नाही'. बोअर, कंपाउंड, पाच फुटांखालचा पाया, जीएसटी, सगळं नाव घेऊन लिहिलेलं. ते पान पाहूनच नातेवाइकांनी त्याला लुटारू ठरवलं होतं. मिस्त्रींच्या कार्डावर 'नाही' हा शब्दच नव्हता, म्हणून ते देवमाणूस. जो आधी सांगतो तो लोभी आणि जो काम अर्ध्यावर आल्यावर सांगतो तो आपला, असा आमचा न्याय.

शेवटी काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलं, पण इंजिनिअरचं चौथं पान त्यांच्यापुढे ठेवून. म्हटलं, याच धर्तीवर तुमची यादी तुमच्या हातानं लिहा. त्यांनी तासभर लिहिली, मधे दोनदा चहा घेतला. शेवटचा मुद्दा त्यांनी स्वतःच्या मनानं घातला : 'वहिनींनी ऐनवेळी सुचवलेले बदल, मालकाकडे.' बायकोनं तो वाचला आणि त्याखाली लिहिलं, 'ठेकेदार ऐनवेळी गावाला गेल्यास होणारा उशीर, ठेकेदाराकडे.' दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार मी.

तर तुम्हीही घर काढणार असाल तर दर सगळ्यात शेवटी विचारा. आधी फूट कुठून कुठपर्यंत मोजणार ते विचारा. मग एक कोरा कागद पुढे करा आणि तुम्ही काय देणार नाही ते लिहा म्हणावं, त्यांच्याच अक्षरात, तारीख-सहीनिशी. जो लिहायला बसेल त्याच्याशी बोलणी करा. आणि साडूला विचारायचंच असेल, तर त्या बाराशेत जोतं किती फूट होतं तेवढं विचारा.