जर्मनीतला परवाना वाढवून घेण्याची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी, चित्रांविना)

प्रस्तावना

हे मार्गदर्शक जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि रहिवासाचा परवाना पहिल्यांदाच वाढवून घ्यायला निघालेल्या मराठी माणसासाठी आहे. रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंतची सगळी कामं ज्यांच्या घरी कुणीतरी ‘ओळखीचा माणूस’ करून देत आला, त्यांना याचा विशेष उपयोग होईल. इथे ओळखीचा माणूस नसतो. असलाच तर तो त्याच रांगेत तुमच्या पुढे उभा असतो.

आवश्यक पात्रता: मुदत संपत आलेलं एक कार्ड, चालू नोकरी, चालू प्रिंटर आणि बऱ्यापैकी ताब्यात असलेला रक्तदाब. जर्मन भाषा येत असल्यास उत्तम. येत नसल्यास पाठ सहावा आधी वाचावा.

पाठ पहिला: तारीख ओळखणे

कार्डावर मुदतीची तारीख छापलेली असते. बहुतेक लोक ती कार्ड हातात आल्या दिवशी बघतात आणि त्यानंतर थेट कंपनीच्या एचआरचा मेल येतो तेव्हा. परदेशी कर्मचाऱ्याच्या परवान्याची प्रत ठेवणं कंपनीला कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्या मुदतीची काळजी तुमच्यापेक्षा एचआरलाच जास्त असते.

आता एकच गोष्ट पाठ करा: रहिवास कायद्याचं कलम ८१, उपकलम ४. मुदत संपण्याआधी अर्ज केलात तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं समजलं जातं, नोकरीच्या हक्कासकट. म्हणजे निर्णयाला चार महिने लागोत की आठ, तुम्ही कायदेशीर. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी अर्ज केलात तर मात्र हे कवच आपोआप मिळत नाही. मग परवाना चालू धरायचा की नाही, ते अधिकारी ठरवतो, आणि त्याच्यापुढे आपली अडचण मांडायला लागणारं जर्मन अजून तुमच्या पुस्तकात आलेलं नसतं.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण इकडे येताना सोबत आणली, असा आपला समज असतो. ती इथे आधीपासूनच राहत होती, तीही परवान्याशिवाय.

गृहपाठ: मुदतीच्या तीन महिने आधीची तारीख फोनवर टाका. गजर चैत्र पाडव्याच्या शुभेच्छांसारखा पुढे ढकलू नका.

पाठ दुसरा: टर्मिन मिळवणे

परदेशी नागरिकांच्या कचेरीत कुणी सहज डोकावत नाही. आधी वेळ घ्यावी लागते. तिला टर्मिन म्हणतात, आणि इथल्या मराठी घरांत ‘जेवलास का?’च्या खालोखाल ‘टर्मिन मिळालं का?’ हाच प्रश्न विचारला जातो. संकेतस्थळावर महिन्याचं कॅलेंडर उघडतं. सगळे दिवस राखाडी असतात. राखाडी म्हणजे शिल्लक नाही. आपण पान पुन्हा उघडतो, तेही राखाडीच असतं.

या टप्प्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवरचे उंटावरचे शहाणे मदतीला धावतात. एक म्हणतो रात्री बाराला बघ, दुसरा म्हणतो सकाळी सातला. तिसरा सांगतो, ‘काही करू नकोस, मला तर घरी पत्र आलं.’ तिघेही खरं बोलत असतात, कारण तिघे वेगवेगळ्या शहरांत राहतात. कायदा देशाचा असला तरी अंमलबजावणी स्थानिक असते, आणि देशभरात अशा कचेऱ्या पाचशेहून अधिक आहेत. कुठे सगळं ऑनलाइन, कुठे ईमेल, कुठे अजून पोस्टाची पेटी. त्यामुळे बर्लिनचा अनुभव श्टुटगार्टात वापरू नये.

महत्त्वाची सूचना: टर्मिन मागितलं म्हणजे अर्ज केला, असं धरून चालू नका. टर्मिन मिळो न मिळो, अर्ज लेखी पाठवा आणि पोहोच जपून ठेवा: ऑनलाइन फॉर्मची पावती, ईमेलचं उत्तर किंवा रजिस्टर पत्राचा कागद. या देशात तुम्ही काय केलंत याला किंमत आहेच. त्याहून जास्त किंमत आहे ते कधी केलंत हे दाखवणाऱ्या कागदाला.

पाठ तिसरा: कागद जमवणे

अर्जाचा फॉर्म, पासपोर्ट, फोटो, नोकरीचा करार, नोकरी चालू असल्याचा कंपनीचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र, घराचा भाडेकरार, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. यादी शहरागणिक थोडी बदलते. आपल्या बाजूच्या सगळ्या गोष्टी आपणच मांडायच्या आणि त्यांचे पुरावे आपणच द्यायचे, असं त्याच कायद्याचं कलम ८२ सांगतं. ‘साहेब, तुमच्याकडे आहे ना फाइल?’ हे वाक्य इथे चालत नाही.

नवशिक्यांचा एक गैरसमज असतो की कचेरीला आपल्यावर संशय आहे. तसं काही नाही. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात यात तिला रसच नाही. तिला एवढंच बघायचं असतं की तुमचे कागद एकमेकांशी भांडत नाहीत ना. लग्नाआधी पत्रिका बघतात तशी ही जुळवणी असते, फक्त इथे छत्तीसपैकी छत्तीस गुण लागतात. पगारपावतीवर जुना पत्ता आणि भाडेकरारावर नवा, गेले दोन गुण. घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंद करायची असते, तीही घरमालकाच्या सहीच्या कागदासह. ती राहिली असेल तर आधी तिकडे जा.

सगळ्यात जास्त गुण आपल्या नावात जातात. पासपोर्टवर तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, तेही तुमच्याच नावाच्या रकान्यात. इथल्या संगणकाला तुमची दोन्ही नावं तुमचीच वाटतात. मग विमा कंपनी ‘श्रीमती दत्तात्रय’ यांना पत्र लिहिते, बँक दत्तात्रय गाळून टाकते आणि कंपनी फक्त आद्याक्षर ठेवते. त्यात लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललेलं असेल, डिग्रीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, तर विवाहाचा दाखला भाषांतरासह पिशवीत हवाच. उपाय एकच: पासपोर्टवर जे आणि जसं आहे ते सगळीकडे तसंच लावून घ्या. दत्तात्रयांची लाज वाटू देऊ नका.

टीप: प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आणू नयेत. आपल्याकडे मार्कशीटला प्लॅस्टिक चढवणं ही तिच्याबद्दलच्या आदराची खूण आहे. इथे कागदाला पंचनं भोकं पाडून फाइलला लावणं ही.

पाठ चौथा: फोटो

आकार ३५ बाय ४५ मिलिमीटर. चेहरा सरळ, तोंड मिटलेलं, दात दिसता कामा नयेत. १ मे २०२५ पासून फोटो डिजिटल लागतो: मान्यताप्राप्त स्टुडिओत किंवा दुकानात काढायचा, तो सुरक्षित मार्गानं कचेरीला मिळतो, आणि तुमच्या हाती फक्त कोड असलेला कागद येतो. अनेक कचेऱ्यांत फोटो काढणारं यंत्रही असतं. घरी बायकोनं पांढऱ्या चादरीपुढे काढलेला फोटो कितीही छान आला असला तरी तो गावी आईला पाठवावा.

हसू आवरत नसेल तर शुल्काचा तक्ता वाचावा. परवाना तीन महिन्यांपर्यंत वाढवायला ९६ युरो लागतात, तीन महिन्यांहून जास्त वाढवायला ९३. हे वाचल्यावर चेहरा आपोआप नियमात बसतो.

पाठ पाचवा: पासपोर्टची गाठ

परवाना साधारणपणे पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. पासपोर्टचे आठ महिने उरले असतील तर नोकरी कायमची असूनही कार्ड आठ महिन्यांचंच हाती पडण्याची शक्यता मोठी. म्हणून आधी पासपोर्ट नवा करावा. तो करायला बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथले वाणिज्य दूतावास आहेत. तिथे तुमच्याकडे चालू परवान्याची प्रत मागतात. परवान्याच्या कचेरीत चालू पासपोर्ट मागतात. दोन्ही मागण्या रास्त आहेत. दोन्हींच्या मधोमध तुम्ही उभे असता.

गाठ सोडवायची रीत: दोन्ही तारखा शेजारी लिहा, आधी संपणारी वस्तू आधी हातात घ्या, आणि पासपोर्टचं वर्ष शिल्लक असतानाच हालचाल करा. नवा पासपोर्ट आला की कार्डही त्याच्याशी जुळवून नवं काढावं लागतं. तोवर जुना रद्द झालेला पासपोर्ट सोबत बाळगा. रद्दीवाल्याला देऊ नका.

पाठ सहावा: प्रत्यक्ष भेट

दहा मिनिटं आधी पोहोचा. पडद्यावर नंबर लागेपर्यंत दार ठोठावू नका. आत गेल्यावर नमस्कार करा आणि कागद मागितले त्या क्रमानं द्या. सगळे एकदम पुढे सरकवू नका. समोरच्या बाई तुमची पगारपावती घेतात, घडी तळहातानं सपाट करतात, टेबलाच्या कडेला ठेवलेल्या पंचमध्ये सरकवतात आणि दाबतात. दोन भोकं, मध्ये आठ सेंटिमीटर. भोक कापलेल्या कराच्या आकड्यातून आरपार गेलं तरी त्यांना काही वाटत नाही. तुम्हालाही वाटू देऊ नका, म्हणूनच मूळ कागद पिशवीत ठेवून प्रत द्यायची असते. मूळ फक्त मागितलं तर दाखवायचं.

भाषेबद्दल: कारभाराची भाषा जर्मन, असं इथल्या प्रशासकीय कायद्यात चार शब्दांत लिहून ठेवलंय. समोरच्याला इंग्रजी येत असूनही तो जर्मनच बोलेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चांगलं जर्मन येणारा मित्र सोबत न्या. मित्राला आधीच सांगा की विचारलं तेवढंच सांगायचं. आपल्या मित्रांना ‘खरं तर झालं असं की…’ इथून सुरुवात करायची सवय असते.

शेवटी दोन बोटांचे ठसे घेतले जातात आणि शुल्क भरलं जातं. कार्ड तिथल्या तिथे मिळत नाही. देशभरातली कार्डं बर्लिनच्या सरकारी छापखान्यात बनतात, त्याला काही आठवडे लागतात.

पाठ सातवा: मधल्या काळातला कागद

कार्ड येण्याआधी जुन्याची मुदत संपणार असेल तर अर्ज प्रलंबित असल्याचा दाखला मागून घ्या. आपली मंडळी त्याला ‘फिक्शन’ म्हणतात. हातात पडताच आधी कोणत्या चौकटीवर खूण आहे ते बघा. कलम ८१ उपकलम ४ वर खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. उपकलम ३ वर असेल तर देशाबाहेर जाऊ नका, परतीच्या प्रवासाला तो कागद चालत नाही.

चौथ्यावर खूण असली तरी मुंबई विमानतळावर वेळ हाताशी ठेवून जा. काउंटरवरच्या मुलाला कार्ड ओळखीचं असतं. हा घडीचा कागद तो उलटसुलट करतो, मग वरिष्ठांना बोलावतो, मग वरिष्ठ तो उलटसुलट करतात. तुम्ही जुनं कार्ड, पासपोर्ट आणि कागद एका हातात धरून शांत उभे राहा. मागे आईनं दिलेल्या लोणच्याच्या बरणीचं वजन वेगळं भरतं, पण तो या पुस्तिकेचा विषय नाही.

पाठ आठवा: काहीच घडलं नाही तर

आधी नम्र स्मरणपत्र. मग कमी नम्र स्मरणपत्र. सबळ कारण नसताना तीन महिने उलटूनही निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात कचेरीच्या दिरंगाईविरुद्ध दावा लावता येतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. इथे मात्र त्यात वैर नसतं. कित्येकदा दाव्याची नोटीस पोहोचताच फाइल सापडते. वकिलाचा सल्ला आधी घ्या.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचेरीत दिवाळीचा फराळ न्यावा का? नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना भेटवस्तू घेण्याची मनाई आहे. चकली कितीही खुसखुशीत झाली असली तरी तुम्ही त्यांना पेचात टाकाल.

नोकरी मुदतीआधीच सुटली तर? दोन आठवड्यांत कचेरीला कळवा. लपवल्यानं परवाना वाचत नाही, पुढचा अर्ज मात्र बिघडतो.

गावी किती दिवस राहता येईल? सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधा परवाना आपोआप रद्द होतो. ब्लू कार्डाला ही मर्यादा बारा महिन्यांची आहे.

कार्डाबद्दलचं पत्र आलंच नाही, काय करू? खाली जाऊन टपालपेटी बघा. पेटीवर तुमचं आडनाव नसेल, किंवा आधीच्या भाडेकरूचंच असेल, तर पोस्टमन पत्र परत नेतो. या साऱ्या प्रक्रियेत तुम्हाला स्वतःला करता येण्याजोगं, फुकट आणि पाच मिनिटांत होणारं एकच काम आहे: पेटीवर आणि घंटीवर पासपोर्टवरचं आडनाव नीट लिहून लावणं.

समारोप

कार्ड मिळालं की नाव, जन्मतारीख आणि सोबतच्या हिरव्या कागदावरच्या नोकरीच्या अटी काउंटर सोडण्याआधी वाचा. मग पुढचा विचार करा. ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांच्या नोकरीनंतर, आणि बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनंतर, कायमच्या रहिवासासाठी अर्ज करता येतो. तो परवाना अमर्याद असतो, म्हणजे वाढवत बसावं लागत नाही. कार्ड मात्र तेव्हाही जास्तीत जास्त दहा वर्षांचं असतं आणि पासपोर्टबरोबर बदलावं लागतं. तेव्हा ही पुस्तिका रद्दीत घालू नका.