चोथ्याचं थालीपीठ

"अवं, झाला का सैपाक? इकडं ये जरा भिंतीपाशी. हे पाह्य, वाटीत काय आनलं."

वाटीत गाजर-बीटाचा तांबडाभडक भुगा. चिमटीत धरला तर लाकडाच्या भुशासारखा कोरडा, कारण शेजारच्या काकूंच्या सुनेनं नागपूरहून आणलेली रस काढायची मशीन थेंबही मागे ठेवत नाही.

"सकाळी उठली का घर्रर्र! ग्लासभर रस निघते अन् ढीगभर हे उरते. म्हने, आई फेकू नका, याच्यात फायबर असते. काल थालीपिठात टाकलं. तुया काकानं दोन घास खाल्ले अन् मले इचारलं, आज ढेप कायले वाढली वं?"

आमच्या वणीत या वाक्याची फोड करून सांगावी लागत नाही. सरकीचं तेल निघालं की ढेप गाईपुढं जाते, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक.

"पण काकू, सून खोटं नाही बोलत. मशीन पाणी काढते, साखर काढते. न विरघळणारा चोथा मागेच राहतो, पोट साफ ठेवतो तो हाच. गाजराचा तो केशरी रंग आहे ना, त्यातलाही बराचसा याच्यातच अडकतो, आणि तो अंगी लागायला तेल-तूप लागतं. म्हणजे थालीपीठ ही जागा तिनं बरोबर शोधली."

"मंग रात्रभर तुया काकाचं पोट कायले गुडगुडलं?"

"किती टाकला होता?"

"एक वाटी पिठाले दोन वाट्या."

घ्या! चोथा एकदम वाढवला की पोटात वारा धरणारच. मूठभरानं सुरुवात करावी, वरून पाणी भरपूर प्यावं. आणि घासून धुतलेल्या गाजराचाच घ्यावा. आपल्याकडं कोळशाचे ट्रक दिवसरात्र धावतात, बाजारातल्या भाजीवर काय बसत असेल ते ओट्यावर बोट फिरवून बघा. साल, माती, फवारा, जे धुतलं गेलं नाही ते चोथ्यातच येणार. शिवाय मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा सकाळचा चोथा दुपारी आंबलेला असतो. लगेच वापरा, नाहीतर फ्रिजमध्ये.

"पन खरं सांग, त्याच्यात एवढं हाये तरी काय?"

मला हाच हिशेब काढायचा होता. अख्ख्या गाजरात १०० ग्रॅममागं तीन-चार ग्रॅम तंतू, म्हणजे हेच फायबर. ज्वारीत १०० ग्रॅममागं साधारण १०. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की २००० कॅलरीच्या जेवणात दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास तंतू हवेत. दोन बऱ्यापैकी जाड भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, हे ताट समोर असलं की निम्म्याहून जास्त काम झालंच.

"अन् हे बाई रात्रीची भाकर सोडून बसली!" काकूंनी भिंतीवर हात आपटला. "सकाळी बिरेड, रात्री सूप. अन् फायबर शोधते चोथ्यात!"

मला विचाराल तर भानगड चोथ्यात नाहीच, ग्लासात आहे. चार संत्री एका बैठकीत कोण खातं? दुसऱ्यालाच हात थांबतो. पिळली की मात्र दोन घोटांत पोटात, साखर सगळी आणि चघळणं शून्य. त्याच संस्थेनं २०२४च्या मे महिन्यात आहाराचे नवे नियम काढले, त्यात रसापेक्षा अख्खं फळ बरं म्हटलंय. उसाच्या रसाच्या १०० मिलीत १३ ते १५ ग्रॅम साखर असते, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात वरची साखर ३०च्या आत ठेवायला सांगितलीय.

"म्हंजे रंगनाथ स्वामीच्या जत्रेतला एक मोठा गिलास..."

"दिवसाचा कोटा खतम."

"तुया काकाले सांगू नको. शुगर हाये तरी तिथं सगळ्यात पह्यले तेच उभे रायते. मंग त्याहिनं चिपाडं खावी का?"

चिपाड कुणी खाऊ नये. ते गुळाच्या कढईखाली जाळायला. प्रत्येक उरलेली वस्तू पानात वाढायची नसते, एवढं सुनेला कुणीतरी सांगायला हवं. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे खा, जरूर खा. गाजराचा चोथा थालीपिठात, पराठ्यात, वरणात एखादी मूठ. पण त्याची साखर-खवा घालून वडी करायची आणि पौष्टिक म्हणून सासऱ्याला द्यायची, हा प्रकार नको.

"वडीचं तं कालच बोलून रायली होती! अन् उद्यापासून दुधीचा रस."

इथं मात्र मी भिंतीवर वाकले. "काकू, दुधीचं हसण्यावारी नेऊ नका. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले. मग आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, समिती नेमली. तिनं सांगितलं, रस काढायच्या आधी तुकडा चाखायचा. कडू लागला की अख्खा दुधी फेकायचा, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकायचा नाही. प्यायल्यावर उलटी, जुलाब, पोटात कळ आली तर तडक दवाखाना."

"अन् चोथा?"

"कडू दुधीचा चोथाही तितकाच वाईट. शिजवूनही त्यातलं विष जात नाही."

काकू काही बोलणार तोच आतून मशीन सुरू झाली.

"अवं थांब! चाखल्याबिगर टाकू नको तो दुधी!" पदर खोचत त्या आत पळाल्या. वाटी माझ्या भिंतीवरच राहिली. दोन चमचे कणकेत टाकले, तिखट-मीठ, ओवा, तीळ. बाकीचा आळ्यात.