एकशेएकविसावा तास

डोंबिवलीत सध्या ज्याला त्याला इंटर्नशिप हवी आहे. कोणाचा मामा सीए, कोणाच्या काकांचं एमआयडीसीत युनिट. लेटरहेड आणि शिक्का जमला की मुलगा अनुभवी. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला कामाचा अनुभव जोडला. एका क्रेडिटचे ३० तास, चारचे १२०. गंमत म्हणजे १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजनाही वर्षाला १२० तासच मागते. करिअर असो की देशसेवा, भाव एकच. असा हमीभाव कांद्याला मिळाला असता तर नाशिकने दुसरी दिवाळी केली असती.

या बाजारात एकच अडचणीची जागा आहे: वस्तीतल्या शाळकरी मुलांची पाठराखण करणाऱ्या संस्थेत इंटर्न होणं. ऑफिसातला इंटर्न आला नाही तर कोणाला कळत नाही. आला तरी फारसं कळत नाही. इथे मात्र आठवीतलं पोरगं हजेरी घेतं. ‘ताई, मागच्या रविवारी का नाही आलात?’ ताई कल्याणकर, उत्तर तयार: ‘मेगाब्लॉक होता ना.’ पोरगं मुंब्र्याला रुळांलगत राहणारं. ‘गाड्या तर जात होत्या की.’ व्यवस्थापनाच्या पदवीत हा पेपर नाही.

ठाण्याला हे काम नवं नाही. २००८ पासून विद्यादान सहाय्यक मंडळ गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी नुसते पैसे देऊन थांबत नाही, मुलामागे एक कार्यकर्ता पालकासारखा उभा करतं. समता विचार प्रसारक संस्था ‘एकलव्य’ म्हणून ज्या मुलांचा गौरव करते, त्यांचे टक्के नाही, ती कुठल्या परिस्थितीतून दहावी झाली ते बघते. त्यांतलीच काही पुढे कार्यकर्ते होतात. त्यांना कोणी क्रेडिट दिल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या इंटर्नच्या मात्र चौथ्या रविवारीच लिंक्डइनवर ‘मेंटॉर’ लागतं. लागू दे. खरी मेख वेळापत्रकात आहे. कॉलेजचं सेमिस्टर दिवाळीच्या आसपास आटोपतं, दहावीचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे प्रमाणपत्रावर ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ असं छापून येतं तेव्हा मुलाची निम्मी भूमिती व्हायची असते. जबाबदारी शिकवायला निघालेल्या विद्यापीठाने तिची एक्स्पायरी डेटही छापून दिली, हे सोयीचंच झालं.

जानेवारीत रात्री साडेनऊला फोन वाजतो. ‘दादा, पायथागोरस अडलाय.’ तास भरलेत, गुण लागलेत, दादाची स्वतःची परीक्षा तोंडावर आहे. उचलला तर एकशेएकविसावा तास सुरू. मूल्यमापनाच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. आणि कोणी कृपा करून तो घालूही नये. उद्या त्याचंही जर्नल स्टेशनबाहेर तयार मिळेल, स्पायरल बाइंडिंगसकट.